रीफ टँकसाठी कोणतं आरओ घ्यावं? आधी सोसायटीची टाकी बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकमध्ये गंगापूर रोडला सात मजली इमारतीत चौथ्या मजल्यावर घर. चार फुटी रीफ टँक, म्हणजे प्रवाळांचा समुद्री टँक, सम्प (खालची फिल्टरची टाकी) धरून अडीचशे लिटर पाणी, वर पंखा. आत क्लाउनफिशची जोडी, बटण पॉलिप, मश्रूम आणि एक लेदर कोरल अशी प्रवाळं. आठ महिने स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी वापरताय, टीडीएस मीटर (लिटरमागे किती मिलिग्रॅम क्षार विरघळलेत ते सांगणारा) ४५ दाखवतो. तरी काचेवर दर दोन दिवसांनी तपकिरी थर येतो, दगडांवर केसाळ शेवाळ आहे, आणि मार्चपासून ते वाढतच चाललंय. दुकानदारानं सात स्टेजचं, अल्कलाइन आणि कॉपरवालं मशीन सुचवलंय. ते घ्यावं की परदेशातून तयार आरओडीआय (आरओनंतर उरलेले क्षार काढणारं रेझिन, म्हणजे डीआय, जोडलेलं मशीन) मागवावं?

मी अकरा वर्षं समुद्री टँक ठेवतोय, आधी इंदिरानगरला आणि आता पाथर्डी फाट्याला. ओळखीतल्या वीसेक घरांत पाण्याची जोडणीही करून दिली आहे. त्या अनुभवावरून सांगतो, दुकानदाराचं मशीन अजिबात घेऊ नका. बाहेरून मागवायचं की इथेच जोडून घ्यायचं, हा प्रश्न नंतरचा आहे. त्याआधी तुमच्या नळाला बारा महिने कोणकोणतं पाणी येतं ते कळायला हवं. तुमच्या प्रश्नात ‘मार्चपासून’ हा शब्द आहे ना, अर्धं उत्तर तिथेच आहे.

नाशिकला महापालिकेचं पाणी मुख्यतः गंगापूर आणि मुकणे धरणांतून येतं. ते मुळात हलकं असतं. माझ्या नळाला मीटरवर १०० ते १५० च्या दरम्यान आकडा दिसतो. पण हे नुसतं महापालिकेच्या पाण्याचं झालं. बहुतेक सोसायट्यांत जमिनीखालच्या टाकीत महापालिकेची लाइन, आवारातली बोअर आणि उन्हाळ्यात टँकर अशी तीन पाणी एकत्र पडतात. वॉचमनला बोअरची मोटर किती वाजता लावायची ते पाठ असतं, आपल्याला पत्ताही नसतो. आमच्या आवारातली बोअर ७८० दाखवते. म्हणजे एकाच नळाचा आकडा जानेवारीत १३० आणि मेमध्ये ५०० असू शकतो. सकाळ-संध्याकाळमध्येसुद्धा फरक पडतो.

बोअरचं पाणी नुसतं ‘जड’ असतं एवढ्यावर ते थांबत नाही. आपल्या खाली बेसॉल्टचा काळा कातळ आहे. त्यातून कॅल्शियम आणि मॅग्नेशियमबरोबर सिलिकाही पाण्यात उतरते. तुमच्या काचेवरचा तपकिरी थर बहुधा डायटमचा (एकपेशीय शेवाळाचा) आहे, आणि डायटम आपलं कवच सिलिकेचंच बांधतात. भोवती शेती, द्राक्षबागा असतील तर खतातलं नायट्रेटही बोअरमध्ये पोचतं. आता गंमत बघा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, नायट्रेट प्रति लिटर ४५ मिलिग्रॅमपर्यंत चालतं आणि टीडीएस ५०० पर्यंत स्वीकारार्ह समजतात. माणसासाठी ते ठीक आहे. आपण मात्र टँकमध्ये नायट्रेट १० च्या आसपास ठेवायला धडपडत असतो. पिण्याजोगं पाणी आणि टँकजोगं पाणी ही दोन वेगळी मापं आहेत.

इथे एक शंका अनेकांना येते आणि ती रास्त आहे. समुद्राच्या पाण्यातच लिटरमागे ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे टीडीएस ३५,०००. मग वरून ४५ च्या पाण्यानं असं काय बिघडणार? नुसत्या आकड्यानं काहीच बिघडत नाही. प्रश्न त्या ४५ मध्ये काय काय आहे आणि ते कुठे जातं हा आहे. टँकमधलं पाणी उडून जातं, पण त्यातलं बाकी काहीच उडत नाही. तुमच्याकडे पंखा लावलेला आहे म्हणता, म्हणजे आपल्या कोरड्या उन्हाळ्यात रोज पाचेक लिटर टॉप-अप लागत असणार. त्या पाण्यात नायट्रेट लिटरला १० मिलिग्रॅम असेल तर महिन्याला १,५०० मिलिग्रॅम आत गेलं. अडीचशे लिटरमध्ये ते ६ होतं, तेही माशांना चिमूटभर न खाऊ घालता. फॉस्फेट लिटरला ०.१ असेल तर महिन्याला ०.०६ ची भर. आपण ज्या फॉस्फेटला ०.१ च्या खाली ठेवायला बघतो, त्याच्या निम्म्याहून जास्त नुसत्या टॉप-अपमधून आलं. म्हणून मी म्हणतो की वॉटर चेंजच्या (थोडं जुनं पाणी काढून नवं खारं घालायच्या) पाण्यापेक्षा टॉप-अपचं पाणी जास्त काटेकोर हवं. लोक नेमकं उलटं करतात. मीठ कालवायला विकतचं पाणी आणतात आणि रोजची तूट किचनच्या तोटीनं भरून काढतात.

आता तुमच्या किचनच्या मशीनकडे येऊ. त्यात मेम्ब्रेन (क्षार अडवणारा पातळ पडदा) चांगलीच असते, दोष तिच्या पुढच्या भागांत आहे. आतमध्ये टीडीएस कंट्रोलर नावाची छोटी चावी असते. मेम्ब्रेनमधून गाळलेल्या पाण्यात ती थोडं न गाळलेलं पाणी परत मिसळते, कारण अगदी निक्षार पाणी पिताना बेचव लागतं. शिवाय शेवटी मिनरल कार्ट्रिज बसवलेली असते. म्हणजे आधी काढायचं आणि मग परत घालायचं. तुमचे ४५ तिथून येतात. उन्हाळ्यात बोअर सुरू झाली की त्या चावीतून बोअरचंच पाणी थेट टँकमध्ये जातं. मार्चचं कोडं मला वाटतं एवढंच आहे.

अल्कलाइन स्टेज हा त्याचाच थोरला भाऊ. आणि कॉपर स्टेज तर विचारूच नका. तांब्याच्या हंड्यातलं पाणी माणसाला चांगलं, असं तुमच्या-माझ्या आजीनं सांगितलंय. कोळंबी, गोगलगायी आणि प्रवाळ यांना मात्र तांबं विष आहे. माशांच्या रोगावर आपण जे तांब्याचं औषध देतो, त्याची मात्रा लिटरला पाव मिलिग्रॅमच्या आसपास असते. तेवढ्यानं परजीवी मरतात आणि त्यांच्यासोबत टँकमधले बहुतेक अपृष्ठवंशी जीवही. हे मशीन स्वयंपाकघरात खुशाल लावा, टँकजवळ आणू नका.

तांब्याचा विषय निघालाच आहे तर माझीच एक चूक सांगतो. चौथ्या-पाचव्या वर्षी मी टॉप-अपच्या ड्रमला हार्डवेअरच्या दुकानातला फ्लोट वॉल्व्ह लावला. चेंडू प्लास्टिकचा, दांडा आणि तोंड पितळी. मीटर शून्य दाखवत होता, मी निर्धास्त. दीड महिन्यात गोगलगायी काचेवरून खाली पडायला लागल्या. वाळूवर उताण्या पडायच्या, हात लावला की दार ओढून घ्यायच्या, दुसऱ्या दिवशी तेवढंही नाही. मग क्लीनर श्रिंप कात टाकताना गेली. मी मिठाला दोष दिला, तापमानाला दिला, अगदी शेजाऱ्यांकडच्या पेस्ट कंट्रोललाही दिला. शेवटी ड्रम धुवायला काढला तेव्हा वॉल्व्हच्या तोंडाशी हिरवट-निळा थर दिसला, नखानं खरवडला तर भुकटी पडत होती. शुद्ध पाणी भुकेलेलं असतं, ज्याला टेकेल त्यातून काहीतरी ओढून घेतं. तेव्हापासून मेम्ब्रेनच्या पुढे माझ्याकडे पितळी तोटी, पितळी निपल, काहीही नाही. सगळं प्लास्टिक.

आता काय घ्यायचं ते. चार गोष्टी पुरतात आणि त्या याच क्रमानं लावायच्या: ५ मायक्रॉनचा स्पन (गाळ अडवणारा फिल्टर), कार्बन ब्लॉक, मेम्ब्रेन, डीआय. यूव्हीची गरज नाही. ‘स्टेज’ मोजून मशीन घेऊ नका, विकणारे रिकाम्या नळकांडीलाही स्टेज म्हणतात.

स्पनबद्दल फार सांगण्यासारखं नाही, स्वस्त आहे, वेळेवर बदला. फक्त पावसाळ्यात तीन महिन्यांचं वेळापत्रक विसरा. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर, किंवा दुरुस्तीसाठी दिवसभर पाणी बंद राहून परत सुरू झालं की, पांढरा स्पन आठवड्यात चहाच्या रंगाचा होतो. पारदर्शक हाउसिंग घ्या म्हणजे डोळ्यांनी कळेल.

कार्बनचं काम क्लोरीन अडवायचं. मेम्ब्रेनचा पातळ थर क्लोरीननं हळूहळू कुजतो आणि मग ती क्षार सोडायला लागते. पाणी बारीक धारेनं जात असल्यामुळे एक चांगला कार्बन ब्लॉक पुरतो. एक काळजी मात्र घ्या. सोसायटीची टाकी धुतली की त्या दिवशी माणसं मोकळ्या हातानं पावडर टाकतात. नळ उघडल्यावर पोहण्याच्या तलावासारखा वास आला तर दोन दिवस मशीन बंद ठेवा. साठवलेलं पाणी याच दिवसांसाठी असतं.

मेम्ब्रेनवर जरा थांबू, कारण खरा पैसा इथे वाचतो किंवा वाया जातो. ७५ गॅलनची मेम्ब्रेन म्हणजे आदर्श परिस्थितीत दिवसाला २८० लिटरच्या आसपास, तासाला अकरा-बारा लिटर. तुमची आठवड्याची गरज टॉप-अपचे ३५ आणि दहा टक्के वॉटर चेंजचे २५ मिळून ६० लिटर. म्हणजे आठवड्यातून सहा-सात तास मशीन चाललं की झालं. २०० गॅलनवाली घेऊन काहीही साधत नाही.

पण ‘आदर्श परिस्थिती’ म्हणजे साधारण ६० पीएसआय दाब आणि २५ अंश तापमान. तुम्ही चौथ्या मजल्यावर, टाकी सातव्याच्या गच्चीवर. मधे दहा-बारा मीटरची उंची धरली तर दर दहा मीटरला १४ पीएसआयच्या हिशोबानं तुम्हाला १५-१६ पीएसआय मिळतात. एवढ्यावर मेम्ब्रेन नुसती हळू चालत नाही, ती घाणही चालते. क्षार मेम्ब्रेनमधून झिरपतात ते जवळपास आपल्याच गतीनं, दाब असो वा नसो. पाणी मात्र दाबाच्या प्रमाणात येतं. दाब कमी म्हणजे तितक्याच क्षारांना मिसळायला कमी पाणी, म्हणून आकडा वर जातो. तेव्हा २४ व्होल्टचा बूस्टर पंप हवाच, आणि बाहेरून मागवलेल्या बऱ्याच आरओडीआयमध्ये तो नसतो, कारण तिकडे नळालाच दाब असतो. माझ्या ओळखीतल्या एकानं असं मशीन हौसेनं मागवलं, सहाव्या मजल्यावर लावलं आणि थेंब थेंब पाणी बघून ‘मशीन खराब निघालं’ म्हणून चक्क विकून टाकलं.

थंडीचंही लक्षात ठेवा. २५ अंशांच्या खाली दर अंशाला उत्पादन साधारण तीन टक्क्यांनी घटतं. निफाडच्या थंडीच्या बातम्या येतात त्या आठवड्यांत गच्चीवरच्या टाकीतलं पाणी पहाटे १५ अंशांवर असतं. तेव्हा सहा तासांचं काम आठ-नऊ तासांवर जातं. बिघाड समजून मेकॅनिकला बोलावू नका, मशीन दुपारी चालवा.

टाकाऊ पाण्याचं प्रमाण एफआर ठरवतो, म्हणजे टाकाऊ नळीतला तो छोटा अडथळा. चांगलं एक तर टाकाऊ तीन, हे ठीक आहे. एकदा हातानं मोजा. एका मापात चांगलं पाणी एक मिनिट धरा, दुसऱ्यात टाकाऊ. बोअर मिसळत असेल तर प्रमाण कमी करायच्या मोहात पडू नका, मेम्ब्रेनवर खडूसारखा थर बसतो. टाकाऊ पाणी आमच्याकडे लादी पुसायला आणि संडासात जातं. बोअरच्या दिवसांत ते कुंड्यांना घालत नाही.

तुमच्या सोसायटीत सॉफ्टनर बसवलाय का ते विचारून घ्या. लोक म्हणतात ‘आमचं पाणी सॉफ्ट आहे, आरओ कशाला?’ सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियम घेतो आणि बदल्यात सोडियम देतो. टीडीएस जिथल्या तिथे. तो आरओची जागा घेऊ शकत नाही, पण मेम्ब्रेनवर थर बसू देत नाही, म्हणून असेल तर आनंदच.

शेवटी डीआय. हे रेझिन म्हणजे केरसुणीनंतरचं पोतेरं. मेम्ब्रेननं ढीग उचलायचा, यानं उरलेलं पुसायचं. हिशोब सोपा आहे. १३० चं पाणी ९७ टक्के गाळणाऱ्या मेम्ब्रेनमधून ४ च्या आसपास बाहेर पडतं, ८०० चं बोअर २४ वर. त्यामुळे तेच रेझिन पहिल्या घरी सहा महिने टिकेल तर दुसऱ्या घरी एक. त्यातून बोअरच्या पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड मेम्ब्रेन अडवत नाही, आणि तोही रेझिन खातो. म्हणून रेझिन महाग पडतंय असं वाटलं की आधी मेम्ब्रेनच्या पुढचा आकडा बघावा.

दोन सूचना. रेझिन ‘मिक्स बेड’ (धन आणि ऋण दोन्ही आयन पकडणारे मणी एकत्र असलेलं) म्हणूनच मागा. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत डीएम (निक्षार पाण्याचे) प्लांट असतात, त्यामुळे गावात ते सुटंही मिळतं. पण दिसायला तसेच तपकिरी-सोनेरी मणी सॉफ्टनरच्या रेझिनचेही असतात आणि दुकानातला पोरगा पुष्कळदा तेच बांधून देतो. ते लावलं तर मीटर तसूभरही हलणार नाही. आणि कार्ट्रिज उभी लावा, पाणी खालून वर जाऊ द्या. आडवी लावली की पाणी एका बाजूनं वाट काढतं आणि अर्धं रेझिन कोरंच राहतं.

सिलिकेचा एक धूर्तपणा इथे सांगायला हवा. मीटर विद्युतवाहकता मोजतो आणि त्यावरून टीडीएस सांगतो. साध्या पाण्यात सिलिकेवर जवळपास विद्युतभार नसतोच, म्हणून ती मीटरला दिसत नाही. रेझिन संपत आलं की ज्यांची पकड सैल ते आधी सुटतात, आणि सिलिका त्यात पहिली. मीटर शून्य-एक दाखवत असतो आणि काच तपकिरी होत असते. म्हणून मी दोन कार्ट्रिज एकामागे एक लावतो आणि मधे मीटर. पहिलीच्या पुढे आकडा १ झाला की पहिली काढायची, दुसरी तिच्या जागी आणायची, नवी मागे लावायची. रंग बदलणारं रेझिन चांगलं दिसतं, पण माझा विश्वास मीटरवर.

मशीन सुरू केल्यावर पहिलं दीड-दोन लिटर पाणी डीआयमध्ये जाऊ देऊ नका. बंद असताना क्षार मेम्ब्रेनच्या दोन्ही बाजूंना सारखे व्हायला लागतात, त्यामुळे पहिल्या धारेचा आकडा ४०-५० सुद्धा दिसतो. एक टी (तीन तोंडांचा जोड) आणि एक चावी लावून ती धार बादलीत सोडा. रोज अर्धा तास चालवण्यापेक्षा आठवड्यातून एकदा सलग चालवलेलं रेझिनला परवडतं.

साठवायला खाद्यपदार्थांसाठीचा नवा ड्रम घ्या, झाकणासकट. भंगारात मिळणारा निळा ड्रम नको. त्यात आधी काय होतं ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

खर्चाचं म्हणाल तर गेल्या वेळी आरओच्या सुट्या भागांच्या दुकानातून सगळं आणून मी जोडलं तेव्हा रेझिन सोडून साडेपाच हजारांच्या आत झालं. तुमच्याकडे किचनचं मशीन आहेच, त्यामुळे तुम्हाला त्याहून स्वस्त मार्ग आहे. मेकॅनिकला सांगून मेम्ब्रेनच्या तोंडाशीच, टीडीएस कंट्रोलरच्या आधी टी काढून घ्या आणि तिथून डीआयला नळी द्या. पंप, स्पन, कार्बन सगळं आयतं मिळतं. घरी माणसं चार आणि आठवड्याला ६० लिटर, मेम्ब्रेनला झेपेल. मात्र टी काढल्यावर तिथला आकडा मूळ पाण्याच्या चार-पाच टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर मेम्ब्रेन आधी बदला. आणि घरच्यांना विचारून करा. आमच्याकडे एकदा ऐन पाहुण्यांच्या दिवशी पिण्याची टाकी रिकामी निघाली होती, तेव्हापासून माझं मशीन वेगळं आहे.

हेच कोणी चाळीस लिटरच्या छोट्या टँकसाठी विचारलं असतं तर मी काहीच घेऊ नका म्हटलं असतं. बॅटरीसाठी विकतात ते डीएम पाणी आणायचं, सीलबंद नवा कॅन बघून, मीटर लावून. २० लिटरचे पिण्याचे जार मात्र नकोत, त्यातही पुष्कळदा क्षार परत मिसळलेले असतात. आणि ज्यांच्याकडे बारा महिने नुसती बोअर आहे, त्यांनी एका मेम्ब्रेनऐवजी दोन एकामागे एक लावायचा विचार करावा.

मशीनवर पैसे घालायच्या आधी एवढं करा. एक आठवडा सकाळ-संध्याकाळ नळाचं पाणी मोजून कॅलेंडरवर लिहा, आणि शेजारी वॉचमनला विचारून बोअर चालू होती की नाही ते. मग कंट्रोलरची चावी पूर्ण बंद करून किचनच्या पाण्याचा आकडा बघा. हे आकडे कळवलेत तर वेगळं मशीन की नुसती टी, ते मी नक्की सांगू शकेन. पाणी सुधारलं तरी शेवाळ लगेच जाणार नाही, दगडांनी आठ महिने फॉस्फेट पिऊन ठेवलंय, ते परत सोडत राहतील. केसाळ शेवाळ हातानं उपटत राहा आणि वॉटर चेंज चालू ठेवा. माझ्याकडे अशा वेळी काच स्वच्छ व्हायला तीन आठवडे लागले होते आणि दगड स्वच्छ व्हायला जवळपास तीन महिने.